जुना खेळ, नवे यंत्र



संगणकावरचे जुने खेळ नव्या संगणकावर अडखळत का चालतात आणि त्यावर उपाय काय, हा आजचा आमचा विषय आहे. कार्यक्रमपत्रिकेत तो वाचून काही मंडळींनी विचारले की, युनियनच्या माणसाला हा पोरखेळ कशाला हवा? उत्तर साधे आहे. यंत्राची गती आणि माणसाचे काम यांचा मेळ बसतो की नाही, हे पाहण्यातच आमचे आयुष्य गेले. परळ-लालबागच्या ज्या घरांत आमचे जाणेयेणे आहे, तेथे आता संगणक आला आहे. चाळीस-पन्नास हजार रुपये खर्चून आणलेल्या यंत्रावर पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा खेळ धड चालत नाही, असे मुलगा सांगतो. दुकानदार म्हणतो, आणखी वीस हजारांचे कार्ड घाला. मग बाप आमच्याकडे येऊन विचारतो, हे खरे काय? खेळ मुलाचा असेल, पण पैसा पगाराचा आहे. म्हणून या प्रकरणाची नीट चौकशी झाली पाहिजे.

आधी गती म्हणजे काय ते पाहू. ३ मे १९१३ रोजी याच मुंबईत, गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये, दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. पडद्यावर माणसे हलली, परंतु फितीवर हलणारे काहीच नव्हते. तेथे एकापुढे एक स्थिर चित्रे होती. ती भराभर डोळ्यांपुढून गेली की आपल्याला हालचाल दिसते. मूकपटाच्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवीत, आणि सेकंदाला साधारण सोळा चित्रे घेण्याचा प्रघात होता. बोलपट आला तेव्हा सेकंदाला चोवीस चित्रे हा नियम झाला. आता सोळाच्या गतीने घेतलेली फीत चोवीसच्या यंत्रावर चढवली तर काय होईल? राजा, राणी आणि ऋषी सारेच लोकल गाडी चुकल्यासारखे धावत सुटतील. यात नटाचा दोष नाही आणि यंत्राचाही नाही. दोघांचा करार वेगळ्या गतीचा होता, एवढेच.

संगणकाच्या खेळातही अशीच चित्रे पडतात. सेकंदाला किती चित्रे पडतात त्या आकड्याला ‘फ्रेम रेट’ म्हणतात. आपण त्याला चित्रगती म्हणू. फरक एकच. सिनेमाची चित्रे आधीच तयार असतात, खेळाची चित्रे जागच्या जागी काढावी लागतात. मुलाने बटण दाबले की पुढचे चित्र बदलते, म्हणून ते आधी काढून ठेवता येत नाही. सेकंदाला साठ चित्रे हवी असतील, तर एका चित्राला सेकंदाच्या हजार भागांपैकी सोळा-सतराच भाग मिळतात. तेवढ्यात चित्र तयार झाले नाही, तर जुनेच चित्र पडद्यावर राहते आणि डोळ्याला हिसका बसतो. सरासरी चांगली असली तरी काही चित्रे उशिरा आली की खेळ अडखळतो. गाड्या दिवसाला ठरल्या तितक्या सुटल्या, पण तीन एकदम आल्या आणि मग अर्धा तास एकही नाही, तर दादरच्या फलाटावरचा माणूस त्या सरासरीचे काय करणार?

आता दुखण्याचे प्रकार. पहिला प्रकार उलटा आहे, खेळ फार जलद चालण्याचा. आयबीएमचा १९८१ सालचा पर्सनल कॉम्प्युटर सेकंदाला सुमारे ४७ लाख ७० हजार ठोके टाकी. त्या काळच्या काही खेळांनी वेळ मोजायला घड्याळ न वापरता यंत्राचे हे ठोकेच वापरले. आजचे यंत्र सेकंदाला तीन-चारशे कोटी ठोके टाकते. त्यावर असा खेळ सुरू होण्यापूर्वीच संपतो. मध्यंतरी संगणकांवर ‘टर्बो’ नावाचे बटण असे. नाव वेगाचे, पण खरा उपयोग जुन्या खेळासाठी यंत्र सावकाश करण्याचा! आज तेच काम २००२ साली निघालेला ‘डॉसबॉक्स’ हा फुकट मिळणारा कार्यक्रम करतो. तो नव्या यंत्राच्या पोटात एक जुना संगणक उभा करतो. कंट्रोल आणि एफ-अकरा दाबले की त्याची गती उतरते, कंट्रोल आणि एफ-बारा दाबले की चढते.

दुसरा प्रकार खेळ मंद चालण्याचा, आणि खरी तक्रार त्याचीच आहे. यंत्र बलवान, खेळ जुना व हलका. मग मंदी कोठून आली? येथे गिरणीचा दाखला घ्यावा लागतो. कापूस पिंजला जातो, त्याचे सूत निघते, सुताला खळ लागते आणि मग ते साच्यावर चढते. खळ लावण्याच्या खात्यात काम तुंबले, तर विणाई खात्यात आणखी शंभर विणकर आणून कापडाचा एक वारही वाढत नाही. ते शंभर जण हातावर हात ठेवून उभे राहतील, आणि साहेब मात्र म्हणेल की विणकर आळशी आहेत. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. एका विणकराने दोन साच्यांऐवजी तीन साचे सांभाळावेत, हा त्यातला एक मोठा वाद होता. साच्यांचा आकडा कागदावर वाढवता येतो. पण सूत वारंवार तुटत असेल तर तो आकडा कागदावरच राहतो.

आजच्या प्रोसेसरमध्ये सहा-आठ कामगार एकत्र बसवलेले असतात. त्यांना ‘कोअर’ म्हणतात. २००५ सालापूर्वीचे बहुतेक खेळ एकच कामगार गृहीत धरून लिहिलेले आहेत. ते सगळे काम एकाच्याच डोक्यावर देतात आणि बाकीचे सात बसून राहतात. तेथे आठाचे सोळा कामगार केले तरी फरक पडणार नाही. त्या एकट्याचा हात किती जलद चालतो, तेच महत्त्वाचे. काही खेळांचा तर एका कामगाराकडून दुसऱ्याकडे जाताना वेळेचा हिशेबच चुकतो. अशा खेळाला टास्क मॅनेजरमध्ये जाऊन ‘सेट अ‍ॅफिनिटी’ने एकाच कोअरला बांधावे. याला खर्च काही नाही.

तिसरे कारण भाषेचे. १९९५ सालापासून विंडोजचे खेळ ‘डायरेक्ट-एक्स’ नावाच्या बोलीत ग्राफिक्स कार्डाला हुकूम देऊ लागले. पुढे बोली बदलत गेली. २०१२ च्या विंडोज ८ पासून जुन्या २५६ रंगांच्या पद्धतीची फक्त नक्कल केली जाते, आणि त्या नकलेत काही जुने खेळ रखडतात. येथे दुभाषी लागतो. ‘डीजी-वूडू’, ‘डीएक्सव्हीके’ असे दुभाषी फुकट मिळतात. त्यांची एक-दोन फायली खेळाच्या फोल्डरमध्ये ठेवावी लागतात. खेळ जुन्या बोलीत बोलतो आणि कार्डाला ते नव्या बोलीत ऐकू येते. मात्र त्या फायली कर्त्याच्या स्वतःच्या जागेवरूनच घ्याव्यात. रस्त्यावर सापडलेले औषध आपण घेत नाही, तसेच हे.

दुभाषी बरा-वाईट असण्याने किती फरक पडतो, हे जगाने २०२२ साली पाहिले. इंटेल कंपनीने ‘आर्क’ नावाची ग्राफिक्स कार्डे बाजारात आणली. नव्या खेळांत ती ठीक चालली, पण डायरेक्ट-एक्सच्या नवव्या आवृत्तीतले जुने खेळ त्यांवर मागे पडले, कारण ती बोली कार्डाला थेट येत नव्हती. मध्ये एक सावकाश दुभाषी बसवला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरापासून कंपनीने आपला ड्रायव्हर सुधारला, आणि त्याच कार्डांवर तेच खेळ पुष्कळ जलद धावू लागले. लोखंडाचा एक खिळाही बदलला नव्हता. नवे कार्ड घ्या म्हणणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला ही हकीकत सांगावी.

चौथे कारण घरातलेच असते. आमच्या एका सभासदाच्या मुलाचा, २००८ सालचा एक मोटारींचा खेळ नव्या संगणकावर सेकंदाला वीस चित्रांच्या वर जाईना. दुकानाने महागडे कार्ड सुचवले होते. आम्ही आणि त्या मुलाने पेटीच्या मागे पाहिले, तर पडद्याची तार ग्राफिक्स कार्डाच्या खाचेत नव्हतीच. ती वर, मदरबोर्डाच्या खाचेत लावलेली होती. म्हणजे कामावर घेतलेला कारागीर दाराबाहेर उभा, आणि आत बदली कामगार काम ओढतो आहे. तार हलवली आणि साठ चित्रे पडू लागली. लॅपटॉपमध्ये तर असे दोन कारागीर पुष्कळदा असतात, आणि जुना खेळ पाहून यंत्र दुबळ्यालाच पुढे करते. तेथे विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये त्या खेळापुढे ‘हाय परफॉर्मन्स’ निवडावे. कधी बलवान कार्ड हलके काम पाहून वीज वाचवण्यासाठी पेंगते. कार्डाच्या सेटिंगमध्ये त्या खेळापुरती ही बचत बंद करता येते.

मात्र एक इशारा. गती वाढली म्हणजे खेळ सुधारला, असे नाही. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो सॅन अँड्रियास’ हा खेळ २००५ साली संगणकावर आला. त्यातला चित्रगतीचा लगाम काढला की चित्रे भरपूर पडतात, पण नायकाला पाण्यात नीट पोहता येत नाही, कारण खेळातले काही नियम चित्रांच्या मोजणीला बांधलेले आहेत. उलट १९९३ सालचा ‘डूम’ पाहा. त्याचे घड्याळ सेकंदाला पस्तीस टोल्यांचे. त्याचा मूळ मजकूर कर्त्यांनी १९९७ साली सर्वांना खुला केला. मग जगभरच्या लोकांनी घड्याळ पस्तीसचेच ठेवून मधली चित्रे काढण्याची सोय केली. खेळ तोच राहिला आणि डोळ्यालाही सुख झाले. आम्हांला ही दुरुस्ती आदर्श वाटते. कामाचा नियम न मोडता यंत्राचे बळ वापरले, असा करार गिरणीत फार थोड्या वेळा झाला.

म्हणून चौकशीची रीत सांगतो. आधी चित्रगती मोजावी. मोजमापाशिवाय तक्रार म्हणजे नुसते गाऱ्हाणे. मग तार, कार्डाची निवड आणि वीजबचत पाहावी. त्यानंतर ड्रायव्हर, मग दुभाषी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत लिहावी. मूळ फायलींची नक्कल बाजूला ठेवावी. एवढे करूनही खेळ चालला नाही, तर खुशाल लॅमिंग्टन रोडवर जावे. तिथे जाणते कारागीर आहेत. पण वही घेऊन जावे. वही हातात असलेल्या गिऱ्हाइकाशी बाजार वेगळ्या आवाजात बोलतो.

शेवटी एक गोष्ट एकजुटीची. २०२५ साली एनव्हिडिया कंपनीची नवी कार्डे आली, तेव्हा तिने ३२ बिटांच्या खेळांसाठी असलेली फिजएक्स ही जुनी सोय त्यांतून काढून टाकली. ‘बॅटमॅन अर्कहॅम सिटी’सारख्या खेळांत धूर आणि कपडे यांचे नखरे चालू ठेवले की सर्वांत महागड्या कार्डावरही चित्रगती कोसळू लागली. ते नखरे बंद करणे हा एक उपाय. जुने कार्ड जोडीला बसवणे हा दुसरा. पण खेळणाऱ्यांनी मोजमापे घेतली, ती एकमेकांना दाखवली आणि एकमुखाने तक्रार केली. वर्षअखेरीस कंपनीने काही निवडक खेळांपुरती ती सोय परत दिली. सगळ्या खेळांना दिली नाही, हेही ध्यानात ठेवावे.

या खेळांमागे कोणाचे तरी हात राबले आहेत. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ करताना जॉर्डन मेकनरने आपल्या भावाला धावायला आणि उड्या मारायला लावले, त्याचे चित्रण केले आणि त्यावरून एकेक चित्र हाताने उतरवले. तो खेळ १९८९ साली आला. फाळक्यांच्या कामाशी त्याचे नाते दूरचे नाही. असे काम नव्या यंत्रावर अडखळले, तर ते टाकाऊ झाले असे म्हणण्यापूर्वी सांधा कोठे निखळला ते पाहावे; बहुधा तो फुकट किंवा थोडक्यात बसतो. आणि नवे कार्ड घेण्यासाठी काढलेले वीस हजार रुपये मुलाच्या पुढच्या वर्षाच्या फीसाठी घरातच राहतात.