नव्या संगणकाच्या पडद्यावर काहीच न उमटल्यास

(केंद्र शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या परिषदेत संगणकासंबंधी चार शब्द बोलावेत, अशी केंद्रप्रमुखांची सूचना होती. मी यंत्रविशारद नाही. आपल्यासारखाच अध्यापनाचे शिक्षण घेतलेला मूळचा शिक्षक आहे. तेव्हा पुस्तकी माहितीचे ओझे न लादता माझ्या स्वतःच्या घरी घडलेला एक प्रसंग सांगतो आणि त्याच्या आधाराने, सुटे भाग आणून घरी जोडलेल्या संगणकाच्या पडद्यावर काहीच उमटले नाही तर दोष कोणत्या क्रमाने शोधावा, हे आपल्यापुढे ठेवतो. आपल्यापैकी कित्येकांची मुले असे संगणक जोडू लागली आहेत. म्हणून हा विषय आपल्या कामाबाहेरचा आहे, असे कोणी समजू नये.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतील गोष्ट. माझी कन्या महाविद्यालयात विज्ञानशाखेत शिकते. दोन वर्षे लहान मुलांच्या शिकवण्या करून तिने पैसे साठविले होते; उणे पडले तेवढे मी घातले. कोणता भाग कोणत्या भागाशी जुळतो ह्याचा तिने महिनाभर अभ्यास केला, यादी केली, भाग मागविले आणि एके दिवशी सकाळपासून बसून संध्याकाळी संगणक जोडून पुरा केला. बटन दाबले. पंखे फिरू लागले, आतील दिवे लागले. परंतु पडद्यावर क्षणभर 'नो सिग्नल' अशी अक्षरे दिसली आणि पुन्हा सर्व काळोख. अर्धा मिनिट होतो न होतो तोच मी म्हणालो, "बंद कर, काहीतरी जळेल." तिने बंद केला, पुन्हा चालू केला, मी पुन्हा बंद करावयास लावला. असे चार वेळा झाले. दुकानदारास दूरध्वनी केला, तेव्हा त्याने काही न विचारताच निकाल दिला : "मदरबोर्ड गेला असेल, परत पाठवा, पंधरा दिवस लागतील." ते ऐकून माझ्या तोंडून शब्द निघून गेले : "तरी मी सांगत होतो, तयार यंत्र घे म्हणून!"

मुलगी त्या रात्री जेवली नाही. मला झोप लागली नाही. भागाकार चुकलेल्या मुलाची पाटी आपण फेकून देत नाही. कोणत्या पायरीवर चुकले ते पाहतो. हे आयुष्यभर इतरांना सांगत आलेला मनुष्य घरात मात्र पहिल्याच पायरीवर उत्तर चूक ठरवून मोकळा झाला होता. सकाळी मी तिला म्हणालो, "काल माझे चुकले. आता आपण दोघे मिळून पाहू. तू तपास, मी वहीत लिहितो." पुढे जो क्रम सांगणार आहे, तो त्या वहीतील आहे, इतर यंत्रांत आढळणारे दोषही मी त्यात मागाहून घातले आहेत.

प्रथम एक तत्त्व ध्यानात घ्यावे. संगणक चालू होताच आधी स्वतःची परीक्षा घेतो : प्रक्रियक म्हणजे प्रोसेसर ठीक आहे काय, स्मृती म्हणजे रॅम ठीक आहे काय, चित्र उमटविणारा भाग आहे काय, आणि शेवटी, कार्यप्रणाली जीवर ठेवलेली असते ती डिस्क सापडते काय. १९८१ साली निघालेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकातही ही स्वयंपरीक्षा होती. डिस्क कोरी असली, विंडोज घातलेले नसले, तरी निदान तशी सूचना पडद्यावर यावयास हवी. म्हणून पडदा अगदी काळा असेल तर विंडोजला दोष देण्यात अर्थ नाही. अडचण त्याच्या आधीच्या पायरीवर आहे.

दुसरे तत्त्व सुरक्षिततेचे. आत हात घालण्यापूर्वी तार भिंतीतून काढावी, मग चालू करावयाचे बटन काही क्षण दाबून धरावे, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. अंगावरील स्थिर विजेने नाजूक भाग बिघडू नयेत म्हणून पेटीच्या उघड्या धातूस अधूनमधून हात लावावा. आपल्याकडे घरातील वीज २३० व्होल्टची असते. तेव्हा संगणक ज्या खोबणीत लावावयाचा तिला भूसंबंधन, म्हणजे अर्थिंग, असलेच पाहिजे. आणि वीजपुरवठ्याची पेटी, जिला आपण एसएमपीएस म्हणतो, ती कधीही उघडू नये. तार काढल्यावरही तिच्या आतील कपॅसिटरांत धोकादायक भार राहू शकतो.

आता क्रम पाहू. जे सर्वांत सोपे व बिनखर्चाचे, ते आधी तपासावे.

पहिली पायरी पडद्याची. मॉनिटरला स्वतःची वीज आहे काय? त्याच्या यादीत एचडीएमआय, डिस्प्ले पोर्ट असे जे मार्ग असतात, त्यांपैकी आपण तार लावलेलाच मार्ग निवडला आहे काय? तार दोन्ही टोकांस पक्की आहे काय? घरातील दूरचित्रवाणीवर चालत असलेली दुसरी तार लावून पाहावी. तार हा सर्वांत स्वस्त भाग. परंतु त्याच्यावर संशय सर्वांत शेवटी घेतला जातो.

दुसरी पायरी तार कोठे लावली ह्याची. यंत्रात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची तार त्या कार्डासच लावावी, मदरबोर्डाच्या खोबणीत नव्हे. नवशिक्यांची ही फार वारंवार होणारी चूक आहे. याच्या उलट, कार्ड नसेल तर प्रोसेसरमध्ये चित्र उमटविण्याची सोय असलीच पाहिजे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाच्या शेवटी 'एफ' हे अक्षर येते, त्यांत ती सोय नसते. एएमडीच्या रायझन ५००० पर्यंतच्या मालिकांत 'जी' अक्षर असलेल्या घरगुती प्रोसेसरांत ती असे. २०२२ साली आलेल्या ७००० मालिकेपासून बहुतेकांत ती मिळू लागली. अक्षर एकच, पण ते न वाचल्यास बाकी सारे बरोबर असूनही पडदा काळाच राहतो.

तिसरी पायरी विजेच्या तारांची. एसएमपीएसच्या मागील लहान बटन चालू असावे. मदरबोर्डाला २४ टोकांची मोठी जोडणी असते, हे सर्वांना दिसते. परंतु प्रोसेसरसाठी वरच्या कोपऱ्यात ८ टोकांची वेगळी जोडणी असते, ती विसरली जाते. ती नसली तरी पंखे फिरतात, दिवे लागतात आणि यंत्र जिवंत असल्याचा भास होतो. पंखा फिरणे म्हणजे यंत्र चालणे नव्हे. मोठ्या ग्राफिक्स कार्डालाही स्वतंत्र वीज द्यावी लागते. आणखी एक इशारा : एका एसएमपीएसच्या सुट्या तारा दुसऱ्यास लावू नयेत. टोके सारखी दिसली तरी आतील जोडणी निराळी असू शकते, आणि त्यामुळे यंत्र जळू शकते.

चौथी पायरी रॅमची. पट्टी दोन्ही बाजूंनी सारखी दाबून 'खट्' असा आवाज येईपर्यंत बसवावी. चार खोबण्यांच्या बहुतेक बोर्डांवर दोन पट्ट्या असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या व चौथ्या खोबणीत लावतात. तरी बोर्डाची पुस्तिका पाहावीच. शंका असल्यास एकच पट्टी दुसऱ्या खोबणीत लावून पाहावी, मग तीच काढून दुसरी लावावी. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ ह्या पट्ट्यांतील खाच निराळ्या ठिकाणी असते. बसत नसेल तर जोर करू नये.

पाचवी पायरी यंत्राचे म्हणणे ऐकण्याची. हल्लीच्या पुष्कळ बोर्डांवर चार बारीक दिवे असतात. त्यांच्याजवळ सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशी अक्षरे असतात. जो दिवा लागून राहतो, त्या पायरीवर परीक्षा अडली आहे. काही बोर्डांना लहानसा भोंगा लावता येतो, तो ठरावीक ठोक्यांनी तेच सांगतो.

आमच्या वहीत येथवर सर्व पायऱ्यांपुढे 'ठीक' असे लिहिले गेले. दिवा मात्र 'डीरॅम'जवळचा लागलेला होता. पट्टी काढून पुन्हा बसविली, तरी तोच. माझा हात बटनाकडे गेला. मुलीने पुस्तिकेतून मान वर केली आणि म्हणाली, "बाबा, थांबा. यात लिहिले आहे, पहिल्या वेळी वेळ लागतो."

तीच सहावी पायरी, थांबण्याची. डीडीआर ५ स्मृती प्रथमच चालू होते तेव्हा प्रोसेसर व रॅम यांच्यातील संकेतांचा मेळ बसवावा लागतो. यंत्र वेगवेगळ्या वेळा व मापे लावून पाहते आणि जुळलेली मापे जपून ठेवते. पुढच्या खेपेस मग तेवढा वेळ लागत नाही. ह्या कामास काही यंत्रांत कित्येक मिनिटे लागतात, आणि तोवर पडदा काळा असतो. मध्येच यंत्र बंद केले तर ते काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आदल्या संध्याकाळी मी चारही वेळा नेमके हेच केले होते. आम्ही घड्याळ समोर ठेवून बसलो. सहावे मिनिट सरता सरता पडद्यावर अक्षरे उमटली. मदरबोर्ड उत्तम होता, जोडणी निर्दोष होती. दोष एवढाच होता की मला दम नव्हता.

थांबूनही यश न आल्यास सातवी पायरी. तार काढून बोर्डावरील २०३२ जातीची नाण्याएवढी बॅटरी काही मिनिटे बाहेर काढावी व पुन्हा बसवावी, म्हणजे जतन केलेली चुकीची मापे पुसली जातात. त्यानंतरची पहिली सुरुवातही सावकाश होते, हे विसरू नये. प्रोसेसर बोर्डापेक्षा नवा असेल तर बोर्डाच्या बायॉसची आवृत्ती जुनी पडलेली असू शकते; काही बोर्डांवर ती पेनड्राइव्हने बदलण्याचे खास बटन असते.

शेवटची पायरी, सर्व पेटीबाहेर काढण्याची. बोर्ड पुठ्ठ्यावर ठेवून प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम व वीज एवढ्यावर चालवून पाहावे. प्रोसेसरमध्ये चित्राची सोय नसेल तर कार्डही लावावे. बाहेर चालला आणि पेटीत चालेना, तर बोर्डाखाली एखादा पितळी आधार भलत्या जागी राहून जोडणी एकत्र येत असेल. प्रोसेसरच्या खोबणीतील एखादी टाचणी वाकली आहे काय, हेही चांगल्या उजेडात पाहावे. भाग परत पाठविण्याचा विचार ह्यानंतर करावा, आधी नव्हे.

बंधुभगिनींनो, ह्या सर्व क्रमात नियम एकच : एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. एकदम तीन गोष्टी बदलून यंत्र सुरू झाले, तर दोष कोणता होता हे कधीच कळत नाही. आपण वर्गातही पुष्कळदा बैठक, पुस्तक व शिक्षा एकदम बदलतो आणि मूल का सुधारले, का बिघडले, ते आपल्याला सांगता येत नाही.

शाळेत संगणक असेल तर त्याच्याजवळ एक वही आणि चालती असल्याची खात्री असलेली एक जादा तार ठेवावी, एवढी विनंती करतो. आणि प्रश्न विचारल्यावर एखादे मूल गप्प उभे राहिले, तर लगेच 'बस खाली' म्हणू नये. आतमध्ये काही जुळत असेल. माझ्या घरी ती सहा मिनिटे मी मोजली आहेत. वर्गात त्याहून पुष्कळ कमी लागतात.