साधे फोटो जपून ठेवा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



हॉलच्या डाव्या भिंतीवर मी काढलेले चाळीस फोटो लावले आहेत. निम्मे मुंबईचे, निम्मे आपल्या वाशिमचे. सकाळपासून तीन-चार जणांनी विचारलं, "साहेब, यात गेटवे नाही, मरीन ड्राइव्ह नाही, आपलं बालाजीचं मंदिरही नाही. कायले लावले मंग?" उत्तर द्यायला समितीने मला दहा मिनिटं दिली आहेत. बँकेतला माणूस आहे, हिशेब चुकणार नाही.

1984 साली बढतीवर माझी मुंबईला बदली झाली. लालबागच्या एका चाळीत दोघा सहकाऱ्यांसोबत राहत होतो. जवळ क्लिक थ्री कॅमेरा. एका रोलमध्ये बारा फोटो, वर धुण्याचा आणि प्रिंटचा खर्च. बटण दाबण्याआधी माणूस दहादा विचार करायचा. तरी रविवारी फिरायचो आणि आवडेल ते टिपायचो. खानावळीच्या दारातली चपलांची रांग, नळावरचे हंडे, लोकलच्या गर्दीत वर्तमानपत्राची चार घड्या घालून वाचणारा माणूस.

त्यातला एक फोटो गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांचा आहे. मागे कोपऱ्यात गिरणीची चिमणी आली आहे. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप 18 जानेवारी 1982 ला सुरू झाला होता. मी गेलो तोवर अनेक गिरण्यांची रया गेली होती. पुढे त्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. आता माझा नातू त्या कपड्यांकडे बघतसुद्धा नाही. तो विचारतो, "आबा, मागे हे उंच काय आहे?" कशाची किंमत पुढे वाढेल हे शेअर बाजारात सांगता येत नाही, तसं फोटोतही सांगता येत नाही.

निवृत्तीनंतर मुलाकडे मुंबईला जाणं वाढलं. हाती मोबाइल आला, रोलची काळजी मिटली. चर्चगेट स्टेशनच्या बाहेर दुपारच्या जेवणाआधी डबेवाले डबे उतरवून फुटपाथवर मांडतात. झाकणावरच्या रंगीत खुणा आणि अक्षरं-आकडे बघून कोणता डबा कोणत्या इमारतीत, कोणत्या मजल्यावर जायचा ते ठरतं. मला तर आमचं क्लिअरिंग हाउसच आठवलं. सगळे चेक एका जागी यायचे, वाटणी व्हायची आणि पुन्हा ज्याची त्याची शाखा!

15 सप्टेंबर 2023 ला बेस्टची डिझेलवर चालणारी जुनी लाल डबलडेकर शेवटची धावली. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर प्रीमियर पद्मिनी टॅक्सीही गेली, कारण शेवटच्या गाडीची नोंदणी 2003 ची होती आणि वीस वर्षांची मुदत संपली. निरोपाच्या वेळी मोबाइल घेऊन लोक जमले. चांगलंच आहे. पण वरच्या मजल्यावर पहिल्या बाकासाठी भांडणारी पोरं, टॅक्सीच्या टपावर बांधलेल्या वळकट्या, हे शेवटच्या दिवशी मिळत नाही. ते साध्या दिवशीच टिपून ठेवावं लागतं.

असं काम मोठ्या तोलाने करणारा माणूस आपल्याच भागातला आहे. छायाचित्रकार सुधारक ओलवे मूळचे अकोल्याचे. त्यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. रोज आपल्या डोळ्यांसमोर असलेली, तरी आपल्याला न दिसणारी ही माणसं. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता वाशिमकडे येतो. 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळा होऊन आपला जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, गावाबाहेरच्या वावरांत प्लॉट पडले, त्यातूनच आपली सोसायटी उभी राहिली. अकोला-पूर्णा मार्गावर आपण वर्षानुवर्षं मीटरगेजने प्रवास केला. 2008 मध्ये ब्रॉडगेज आलं. त्या जुन्या गाडीचा फोटो घरात आहे, अशांनी हात वर करा पाहू. (दोन हात वर झाले.) बघा! प्रवास सगळ्यांनी केला, फोटो दोघांकडे.

या स्मरणिकेसाठी आपण फोटो मागितले, तेव्हा दोन पिशव्या भरून आले. फीत कापताना, नारळ फोडताना, शाल-श्रीफळ देताना. एक फोटो मात्र वेगळा निघाला. एकबुर्जीचं पाणी नळाला यायचं, त्या दिवशीची पहाट. आपले पहिले सचिव पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात पाना घेऊन व्हॉल्व्हपाशी बसले आहेत. मागे बायाबापड्या बादल्या घेऊन उभ्या. ते जाऊन आता नऊ वर्षं झाली. त्यांच्या घरी हार घातलेला फोटो आहे, तो ओळखपत्रावरून मोठा केलेला. मुलगी नागपूरहून आली होती. व्हॉल्व्हचा फोटो तिने बराच वेळ हातात धरला आणि म्हणाली, "काका, याची एक प्रत द्या. बाबा असेच बसायचे."

आपल्यातले किती जण या पंचवीस वर्षांत गेले! त्यांचे सत्काराचे फोटो आहेत. ओट्यावर पेपर वाचतानाचे, नातवाला सायकल शिकवतानाचे किती आहेत?

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक घराने रोजच्या जगण्यातले पाच फोटो सोसायटीला द्यावेत. मोबाइलमधले असतील तर प्रिंट काढून, कारण मोबाइल बिघडला की सगळंच जातं. दुसरी, प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने हलक्या हाताने नाव, जागा आणि तारीख लिहावी. नाव नसलेला फोटो म्हणजे खातेदाराचा पत्ता नसलेलं खातं. तिसरी, आपल्या चौकीदारांचे, धुणीभांडी करणाऱ्या ताईंचे, दूधवाल्याचेही फोटो असावेत. त्यांना विचारून काढावेत आणि एक प्रत त्यांच्या हाती द्यावी. सोसायटी त्यांचीही आहे.

ऑफिसच्या कपाटात मी एक फाइल आणून ठेवली आहे. तिच्या पहिल्या पानावर पहिल्या सचिवांचा तो व्हॉल्व्हपाशी बसलेला फोटो लावला आहे. पुढची पानं कोरी आहेत. ती भरायचं काम तुमचं.