पक्षाघात : प्रमाद न करण्याची वेळ

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा सारांश)



उत्तराध्ययन सूत्राच्या दहाव्या अध्ययनात भगवान महावीरांनी गौतमस्वामींना एका समयाचाही प्रमाद न करण्याचा उपदेश वारंवार केला आहे. तो उपदेश आत्मकल्याणासाठी आहे. परंतु देहावर ओढवणाऱ्या एका संकटातही तो अक्षरशः लागू पडतो. ते संकट म्हणजे पक्षाघात.

मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद झाली की तेथील पेशी मरू लागतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, मोठी वाहिनी बंद पडल्यास दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात. वाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव झाला तरी लक्षणे बहुधा तशीच दिसतात : चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे, एकाएकी दिसेनासे होणे किंवा तोल जाणे. ही लक्षणे काही मिनिटांत ओसरली तरी निश्चिंत राहू नये. ती मोठ्या झटक्याची पूर्वसूचना असू शकते.

मेंदूच्या भोवतालच्या आवरणांत होणाऱ्या रक्तस्रावाची चाल निराळी असते. वाहिनीवर आलेला फुगा फुटल्यास पूर्वी कधीही अनुभवली नाही अशी असह्य डोकेदुखी क्षणार्धात उद्भवते. उलटी होते, मान ताठरते, कधी शुद्धही हरपते. याउलट वृद्धांमध्ये, विशेषतः रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांमध्ये, घसरून डोक्याला लागलेला किरकोळ मार सर्वांच्या विस्मरणात जातो आणि काही आठवड्यांनी डोकेदुखी, गोंधळलेपणा, चालताना झोक जाणे सुरू होते. घरातील मंडळी त्याला म्हातारपण समजतात. प्रत्यक्षात कवटीच्या आत रक्त साचत असते. वेळीच निदान होऊन लहानशा शस्त्रक्रियेने ते काढले, तर अनेक रुग्ण पुन्हा चालूबोलू लागतात.

गुठळी आहे की रक्तस्राव, हे वरवर पाहून ठरवता येत नाही, त्यासाठी सी. टी. स्कॅन लागतो. म्हणूनच घरी ॲस्पिरिनची गोळी देऊ नये. गुठळीत उपयोगी पडणारे औषध रक्तस्रावात घात करते. गिळण्याची क्रिया बिघडलेली असू शकते, म्हणून पाणीही पाजू नये. रक्तदाबाची जादा गोळी देऊ नये, मालिश करीत बसू नये, सकाळची वाट पाहू नये. रुग्ण शेवटचा ठीक केव्हा दिसला ती वेळ लिहून घ्यावी, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि सी. टी. स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. मोठी गुठळी नळीवाटे काढण्याचा उपचार निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत होऊ शकतो. पण तेथेही विलंबाची किंमत रुग्णच मोजतो.

आपल्या समाजात आणखी एक बाब महत्त्वाची आहे. पर्युषणात अठ्ठाई किंवा चौविहार उपवास करताना अनेक ज्येष्ठ श्रावक-श्राविका रक्तदाबाच्या व रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या परस्पर बंद करतात. त्यातून धोका वाढतो. तपाचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांचा आणि गुरुमहाराजांचा सल्ला घ्यावा. पच्चक्खाणात आगार ठेवलेले आहेत आणि तीव्र व्याधीत समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची मुभा त्यांत आहे. त्यामुळे संकटसमयी औषध घेतल्याने तपाचा भंग होतो, हे भय मनात बाळगण्याचे कारण नाही.

संस्थेच्या या सुवर्णमहोत्सवी वर्षात स्थानकाच्या फलकावर पक्षाघाताची लक्षणे, १०८ हा क्रमांक आणि रात्रंदिवस सी. टी. स्कॅन होणाऱ्या जवळच्या रुग्णालयाचे नाव ठळक अक्षरांत लावले जावे. प्रत्येक घरातील एका तरुणाने ते पाठ करावे. एवढ्या तयारीनेही एखाद्या कुटुंबाचा आधार वाचू शकेल.

जय जिनेंद्र.