सहलीच्या पिशवीत आईचं पुस्तक

आम्ही मुंबईतल्या मरोळहून बोलतोय. आमच्या बचत गटात आम्ही बारा जणी. कुणी सीप्झमध्ये कामाला जाते, कुणी पोळीभाजीचे डबे करते, कुणी घरी शिवण घेते. बहुतेकींची गावं रत्नागिरी, सातारा, सांगलीकडची. राहतो शहरात, पण गणपतीला आणि मे महिन्यात तुमच्यातच असतो.

आजचा विषय कर्जाचा नाही आणि हप्त्याचाही नाही. आईचं स्वतःचं वाचन आणि घरची सहल, या दोन गोष्टींवर आज बोलायचं आहे. या दोन्हींचा एकमेकींशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. तेच सांगतो.

मध्यंतरी गटाच्या बैठकीत आम्ही एक प्रश्न फिरवला. तुम्ही शेवटचं पुस्तक पुरं कधी वाचलं? उत्तरं ऐकून आम्ही एकमेकींकडे बघतच राहिलो. कुणी म्हणाली दहावीला असताना, कुणी म्हणाली लग्नाच्या आधी, माहेरी. एक जण म्हणाली, मुलाचं चौथीचं पुस्तक वाचते ते धरायचं का? आपण रोज काही ना काही वाचतोच. मुलांचा अभ्यास, औषधाची चिठ्ठी, विजेचं बिल, गटाचं इतिवृत्त. पण ही सगळी कामाची वाचनं. ज्याचा कुणाला हिशेब द्यायचा नाही, जे फक्त आपल्याला आवडतं म्हणून, असं वाचन संसारात कुठे तरी निसटून जातं. १५ ऑक्टोबरला शाळाशाळांत वाचन प्रेरणा दिन होतो. मुलांच्या हातात पुस्तकं दिली जातात. पण आई काय वाचते, हे कुणी विचारत नाही.

वेळ नसतो, हे खरंच आहे. पण वेळ अगदीच नसतो असं नाही, तो तुकड्या-तुकड्यांत असतो. फलटणच्या बेबीताई कांबळे तुम्हाला ठाऊक असतील. त्यांचं छोटं दुकान होतं. सामान बांधायला आणलेल्या रद्दीचे कागद त्या दुकानात बसून वाचायच्या. वाचता वाचता लिहू लागल्या, तेही घरच्यांपासून लपवून, कित्येक वर्षं. तेच लेखन पुढे ‘स्त्री’ मासिकातून आलं आणि १९८६ मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झालं. त्यांच्याकडे कुठे वाचनाची खोली होती? गिऱ्हाईक येईपर्यंतचा जो वेळ, तोच त्यांचा.

आता सहलीकडे या. सहल म्हणजे सगळ्यांची सुट्टी, आणि आईचं काम दुप्पट. पहाटे चारला उठून पुऱ्या लाटायच्या, बटाट्याची भाजी, लोणचं, पाण्याच्या बाटल्या, धाकट्याचे दोन जोड कपडे, सासूबाईंच्या गोळ्या. तिथे पोचल्यावर पिशव्यांपाशी बसायचं कुणी? आईने. सगळे जण राणीच्या बागेत पेंग्विन बघायला रांगेत, आणि आई झाडाखाली सामान राखत. पण हाच तुकडा आमच्या डोक्यात आला. एसटीची वाट बघतो तो वेळ, गाडीत बसलेला वेळ, मुलं झोक्यावर खेळतात तो वेळ, जेवणानंतर पुरुषमंडळी आडवी होतात तो वेळ. घरी बसलं की भांडी दिसतात, सहलीत ती दिसत नाहीत. मग त्या पिशवीत आईचं एक पुस्तक का असू नये?

आम्ही तसं ठरवलं. ठरवल्यावर पहिली अडचण आली ती वेगळीच. गटातली एक जण पुस्तक न्यायची आणि तसंच परत आणायची. म्हणायची, माझी आवडच मेली. दोन पानं वाचली की डोकं चढतं. आम्ही तिला विचारलं, सुईत दोरा ओवता येतो का? म्हणाली, नाही, मुलीला हाक मारते. मैत्रिणींनो, आवड मेली नव्हती, चाळिशी लागली होती. चाळिशीच्या आसपास जवळचं बारीक दिसायला त्रास होतो, तो बहुतेक सगळ्यांनाच होतो. लांबचं नीट दिसतं, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. पुरुषाला कामावर अडतं, तो चष्मा करून घेतो. आपण मात्र तांदूळ लांब धरून निवडतो आणि पुस्तक मिटून ठेवतो. आमच्यातल्या पाच जणींनी डोळे तपासून घेतले. तुम्हीही आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारा, गावात नेत्रतपासणी शिबिर आलं तर चुकवू नका. शिलाई, निवडणं-टिपणं आणि वाचन, तिन्ही सुधारतात.

दुसरी अडचण घरातल्या बोलण्याची. फिरायला आलीस की वाचायला, असं नवऱ्याने म्हणायचं. सासूबाई म्हणणार, पुस्तक घरी नाही का वाचता येत? (घरी वाचलं की म्हणणार, काम नाही का!) हे आम्ही हसण्यावारी नेलं. पण एकीचा आठ वर्षांचा मुलगा म्हणाला, आई, तू आलीच नव्हतीस असं वाटलं. ते मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मुलाला आई सोबत हवी असते, आणि ते त्याचं मागणं खरं आहे. त्यावर गटात बराच वेळ चर्चा झाली. पुस्तक बंदच करावं, असंही दोघी म्हणाल्या. मग आम्ही ठरवलं की लपून किंवा अधूनमधून वाचायचं नाही, सांगून वाचायचं. जेवणानंतर पाऊण तास आईचा. त्या वेळेत मुलं बाबांकडे. पाऊण तास झाला की पुस्तक पिशवीत, आणि आई खेळायला. मुलाला वेळ कळली की तो वाट बघतो, रुसत नाही. आणि एक नियम अगदी पक्का. समुद्र, नदी, तलाव असेल तिथे मूल पाण्याजवळ असताना पुस्तक उघडायचं नाही.

या वाचनाने सहलही बदलते, हे आम्हाला कान्हेरीला कळलं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत, शंभराहून जास्त. आमच्यापैकी पुष्कळ जणी आधी जाऊन आल्या होत्या. माकडं बघितली, काकडी खाल्ली, परत आल्या. या वेळी एकीने लेण्यांवरचं पुस्तक आधीच वाचायला घेतलं होतं, राहिलेलं लोकलमध्ये वाचत आली. तिथे तिने सांगितलं की भिंतीवर ही जी अक्षरं दिसतात ती ब्राह्मी लिपी. लेणं किंवा पाण्याचं टाकं कुणी दान दिलं, ते त्यात कोरलेलं असतं. दान देणाऱ्यांत भिक्षुणी आहेत, घरसंसार करणाऱ्या बायकाही आहेत. हे ऐकून आम्ही त्या टाक्यांपाशी थांबलो. इतक्या शतकांपूर्वी एका बाईने स्वतःच्या नावाने पाण्याची सोय केली आणि ते नाव दगडात राहिलं. मुलं नंतर प्रत्येक लेण्यात अक्षरं शोधत पळत होती. हे कुणी शिकवायला घेतलं नव्हतं. आईने स्वतःसाठी वाचलं, त्यातलं मुलांना आपसूक मिळालं.

आता एक जागा सांगतो, जिथे वाचन आणि सहल एकच होते. सातारा जिल्ह्यात पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मध्ये भिलार नावाचं गाव आहे, स्ट्रॉबेरीचं. ४ मे २०१७ पासून ते ‘पुस्तकांचं गाव’ झालं. परदेशात वेल्समध्ये हे-ऑन-वाय नावाचं पुस्तकांच्या दुकानांचं गाव आहे, त्यावरून ही कल्पना आली. पण भिलारला पुस्तकं विकायला नाहीत, बसून वाचायला आहेत, फुकट. गावकऱ्यांनी आपल्या घरातली जागा दिली. एका घरात कादंबऱ्या, दुसऱ्यात बालसाहित्य, तिसऱ्यात इतिहास, अशी वाटणी. आम्ही कुटुंबांसह गेलो. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्याचा मोठाच आधार झाला. मुलं बालसाहित्याच्या घरात, नवरे गडकिल्ल्यांच्या पुस्तकांत. आमच्यातल्या एकीच्या सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांच्यासाठी सुनेने एक आत्मचरित्र मोठ्याने वाचलं. सासूबाई मध्येच म्हणाल्या, थांब, हे पुन्हा वाच, असंच आमच्याकडे होतं. त्या दिवशी ‘किती वेळ वाचणार’ असं कुणीच कुणाला विचारलं नाही.

सगळ्यांना भिलार जवळ नाही. पण महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे आणि गावोगावच्या वाचनालयांना शासनाचं अनुदान मिळतं. तुमच्या गावात ग्रामपंचायतीजवळ किंवा देवळाशेजारी असं वाचनालय असेल. तिथे पेपर वाचत पुरुष बसलेले असतात, म्हणून आपण आत जात नाही. एकटीला संकोच वाटत असेल तर चौघी मिळून जा. सभासद होण्याची वर्गणी आणि अनामत किती, ते विचारा. आपल्याला हवी ती पुस्तकं नसतील तर ग्रंथपालांकडे यादी द्या. पुस्तक वेळेवर आणि न फाडता परत करायची जबाबदारी गटात वाटून घ्या, आपल्याला हिशेब ठेवायची सवय आहेच.

आम्ही बचतीबरोबर महिन्याला प्रत्येकी २० रुपये पुस्तकांसाठी वेगळे ठेवतो. पुस्तक एकीकडून दुसरीकडे फिरतं. कुणाचं वाचून झालं नसेल तर तिला कुणी टोचत नाही, कारण ही परीक्षा नाही. सहलीला नेताना पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा, लोणच्याच्या बरणीपासून लांब ठेवा. जाडजूड ग्रंथ नको, गोष्टींचं किंवा दिवाळी अंकासारखं काही असू द्या, कुठेही थांबता येतं. आणि पुऱ्या लाटायला घरातल्या आणखी एकाला उठवा. पाऊण तास हवा असेल तर तो पहाटेच्या कामातूनही कमी व्हायला हवा, नाही तर पुस्तक उघडताच डोळा लागतो.

पुढच्या आठवड्यात कुणी जत्रेला जाईल, कुणी माहेरी, कुणी नुसती तालुक्याच्या बाजाराला मुलांना घेऊन. पिशवी भरताना सगळ्यांचं सामान घेतलं ना, हे आपण तपासतोच. त्यात आपलं काय घेतलं, तेही एकदा बघा. आणि गटाच्या पुढच्या बैठकीत तो प्रश्न तुम्हीही फिरवा, शेवटचं पुस्तक पुरं कधी वाचलं? उत्तरं आली की आम्हाला कळवा.