आधी जेवून घ्या
(गतवर्षीच्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्यासपीठावरून केलेले भाषण)



मंडळाने आम्हाला विषय दिला आहे, ‘कुटुंब आणि ऑनलाइन जग’. यावर उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाही. आमच्या घरी जेवताना प्रत्येकाच्या ताटाशेजारी मोबाईल असतो. म्हणून मुलांनी आग्रहाने दाखवलेल्या एका जपानी चित्रपटाविषयी बोलतो. नाव ‘समर वॉर्स’, दिग्दर्शक मामोरू होसोदा, साल २००९. लहान मुलांचे कार्टून समजून बसलो आणि उठताना डोळे पुसले.

गोष्ट घडते उएदा या गावात. होसोदांच्या पत्नीचे माहेर तिथलेच. इथल्या सानादा घराण्याने १५८५ आणि १६०० मध्ये तोकुगावांच्या मोठ्या फौजेला दोनदा दाद दिली नव्हती. चित्रपटातले जिन्नोउची घराणेही असेच, लढायांच्या कथा सांगणारे. वाडा मोठा, पैसा मात्र उरलेला नाही. आपल्यापैकी अनेकांना हे वर्णन ओळखीचे वाटेल! साकाए या पणजीच्या नव्वदीनिमित्त सगळा गोतावळा जमतो. पणती नात्सुकी आपल्याबरोबर केंजी या गणितात हुशार मुलाला आणते. त्याचे आईवडील सदा कामात, त्यामुळे इतक्या माणसांत जेवणे ही त्याला नवलाई.

दुसरीकडे ‘ओझ’ नावाचे आभासी जग आहे. अब्जाहून जास्त लोकांची खाती तिथे. खरेदी, कार्यालये, रुग्णालये, रस्त्यांचे सिग्नल, सगळे त्याच्याशी जोडलेले. ‘लव्ह मशीन’ नावाची कृत्रिम बुद्धी त्यात शिरते, लोकांची खाती गिळत सुटते आणि गावेच्या गावे ठप्प होतात. आम्ही सरकारी नोकर. ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ असे खिडकीतून रोज सांगणारे. हा प्रसंग पाहताना आम्हाला हसू आले नाही.

अशा वेळी पणजी काय करते? जुनी पत्रे आणि पत्त्यांच्या वह्या काढते, तबकडीच्या काळ्या फोनजवळ बसते आणि एकेकाला फोन लावते. कुणी मोठा अधिकारी, कुणी डॉक्टर, कुणी घरचाच अग्निशमन दलातला नातू. ती तंत्रज्ञानाचे काहीच सांगत नाही. तुझ्याच्याने होईल, घाबरू नकोस, एवढाच धीर देते. नव्वद वर्षे माणसे जोडली होती, म्हणून त्या दिवशी फोन उचलले गेले. ती वही काही एका दिवसात भरलेली नव्हती.

आता वाबिसुके. पणजीच्या यजमानांना दुसऱ्या बाईपासून झालेला हा मुलगा. पणजीने त्याला हात धरून घरी आणले आणि वाढवले. पुढे तो घरची जमीन विकून अमेरिकेला निघून गेला. दहा वर्षांनी परततो, तेव्हा कळते की लव्ह मशीन त्यानेच बनवले आहे. पणजी भिंतीवरचे शस्त्र काढून त्याच्या अंगावर जाते, तो निघून जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे तिचे हृदय थांबते. हृदयावर नजर ठेवणारी यंत्रणाही ओझमधूनच चालत होती.

मागे तिची चिठ्ठी सापडते. तीत वाबिसुकेविषयी लिहिलेले असते की तो परत आला तर भुकेला असेल, त्याला शेतातले पोटभर खायला घाला. भूक लागलेली असणे आणि एकटे असणे, याहून वाईट काही नाही, असे तिचे म्हणणे. वाबिसुके परततो. जगावर संकट असतानाही सगळे आधी पंगतीला बसतात. मग लढायला उठतात.

त्याआधीची लढाईही घरातल्या कार्यासारखीच. कुणी मोठा संगणक आणतो, कुणी विजेसाठी मासेमारीची बोट, कुणी यंत्र गार ठेवायला बर्फाच्या लाद्या. आणि एकजण तोच बर्फ पणजीच्या पार्थिवाजवळ नेऊन ठेवतो! यंत्र तापते, जिंकत आलेला डाव हरतो. घर म्हटले की हे आलेच. शेवटी नात्सुकी पणजीने शिकवलेला हानाफुदा या जपानी पत्त्यांचा डाव मांडते, आणि ओझमधले देशोदेशीचे अनोळखी लोक आपली खाती तिच्या हवाली करतात. म्हणजे ऑनलाइन जग शत्रू नव्हे. तिथेही माणसेच असतात.

मंडळी, वाबिसुके आमच्याही घरात आहे. वाड्याच्या वाटणीवरून धाकटे काका बारा वर्षे आमच्याकडे आलेले नाहीत. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आम्ही एकमेकांना दर सणाला शुभेच्छांची चित्रे पाठवतो. फोन मात्र कुणी केला नव्हता. चित्रपट संपल्यावर आईने तिची जुनी डायरी काढली. काकांच्या नंबरावर आम्हीच कधीतरी काट मारली होती, पण खालचे आकडे वाचता येत होते. फोन लावला. वाटणीचा विषय काढला नाही. ‘महालक्ष्म्यांना जेवायला या,’ एवढेच म्हणालो. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, ‘बघतो.’

परवा महालक्ष्म्यांचे जेवण आहे. आम्ही एक पान जास्त मांडणार आहोत. आपणही घरी गेल्यावर जुनी डायरी एकदा उघडून पाहावी, ही विनंती.

गणपती बाप्पा मोरया!