परसातील तळ्यात कमळ



‘कमळ’ हे नाव मराठीने अनेक फुलांना उदारपणे बहाल केले आहे. कुंडीत रात्री उमलणारे ब्रह्मकमळ निवडुंगाच्या कुळातील. मांडवावर चढणारे कृष्णकमळ हा वेल. आणि तळ्यातील निळे ‘कमळ’ म्हणजे वस्तुतः कुमुद. रोप किंवा बी विकत घेणाऱ्याची फसगत होते ती येथेच. खऱ्या कमळाचा रंग गुलाबी अथवा पांढरा, अमेरिकेतील जातीचा पिवळा. निळ्या कमळाचे बी कोणी देऊ केले तर पैसे खिशातच ठेवावेत.

फूल नसतानाही पानावरून ओळख पटते. कमळाचे पान ढालीसारखे सलग वाटोळे असून देठ त्याच्या मध्यावर खालून जडलेला असतो. कोवळी पाने पाण्यावर तरंगतात, नंतरची पाण्याबाहेर उंच उभी राहतात. कुमुदाच्या पानाला मात्र काठापासून देठापर्यंत चीर असते.

पूजेच्या दुकानात मिळणारा कमळगट्टा हेच कमळाचे बी. माळेसाठी भोक पाडलेले बी चालत नाही. या बियांची चिकाटी विलक्षण आहे. जपानमध्ये 1951 साली उत्खननात सापडलेल्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या मानल्या गेलेल्या बियांपैकी एकीच्या रोपाला पुढच्याच वर्षी फूल आले! कवच कठीण असल्याने बियाचे एक टोक आतील पांढरा गर दिसेपर्यंत खरखरीत दगडावर घासावे आणि बी पाण्यात टाकून पाणी रोज बदलावे. साधारण आठवड्यात कोंब दिसतो. मग बिनछिद्राच्या पसरट टोपल्यात चिकण माती भरून त्यात रोप लावावे. कच्चे शेणखत घालू नये, पाणी नासते. दिवसातून सहा तास ऊन हवेच.

महागाव तालुक्यातील काळी, चिकट माती या कामी उत्तम. प्रश्न आहे तो पाण्याचा. ज्या वस्तीत वैशाखात हंडाभर पाण्यासाठी पायपीट होते तेथे फुलासाठी पाणी कोणत्या तोंडाने मागावे? एक मीटर व्यासाच्या टाक्यातील पातळी दिवसाला एक सेंटिमीटर घटली तरी सुमारे आठ लिटर पाणी उडून जाते. म्हणून घरोघर टाकी बांधण्यापेक्षा शाळेच्या आवारात एकच तळे करणे ग्रामपंचायतीला अधिक शोभेल. भाजी धुतलेले पाणी त्यात चालते, साबणाचे नाही. विहीर आटलीच तर कंद उचलून बादलीत ओल्या चिखलात, सावलीत ठेवावेत; पावसाळ्यात ते पुन्हा लावता येतात. कंदाचे टोक मोडू देऊ नये, वाढ तेथूनच होते.

साचलेल्या पाण्यात डास होतात, आणि डासांबरोबर डेंग्यू. त्यासाठी गप्पी मासे सोडावेत; मात्र ते तेथून ओढ्या-नदीत जाऊ देऊ नयेत. तळ्याला कठडा अवश्य हवा. लहान मुलाला बुडण्यास हातभर पाणीही पुरते.

थंडीत पाने वाळली म्हणजे झाड मेले असे समजून अनेकजण माती उपसून टाकतात. कंद खाली जिवंत असतो. होळीच्या सुमारास तो विभागून लावावा. बियापासून केलेल्या रोपाला पहिल्या वर्षी बहुधा फूल येत नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.