बुटक्या अडथळ्यांची शर्यत



आपल्या वेळच्या क्रीडामहोत्सवाच्या गोष्टी सगळ्यांना पाठ आहेत. तिसऱ्यांदा त्याच सांगितल्या तर मागच्या रांगेतून जांभया ऐकू येतील. म्हणून आज बोलतो ते एका बंद पडलेल्या शर्यतीबद्दल.

अमेरिकेतल्या कॉलेजांत पूर्वी २२० यार्डांची 'लो हर्डल्स' धावत. म्हणजे २०१ मीटर, वाटेत दहा अडथळे, प्रत्येक अडीच फूट उंच, दोहोंमध्ये २० यार्ड अंतर. आजच्या पुरुषांच्या ११० मीटर शर्यतीतला अडथळा साडेतीन फुटांचा असतो. त्यामानाने हे बुटकेच. उंच अडथळ्यांना घोटून घोटून तंत्र बसवावं लागतं. इथे मात्र वेगवान गडी जरा पाय उचलून निघून जायचा. त्यामुळे काही जाणकार या शर्यतीला नाकं मुरडत. मला विचाराल, तर तीच तिची गंमत होती.

आपला धागाही या शर्यतीशी जुळतो. ही शर्यत २०० मीटरची म्हणून ऑलिंपिकमध्ये फक्त १९०० आणि १९०४ साली झाली. १९०० साली पॅरिसमध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा ऑल्विन क्रेन्झलाइन पहिला आला आणि कोलकात्यात जन्मलेला नॉर्मन प्रिचर्ड दुसरा. तो भारताचा की ब्रिटनचा, हा वाद जुना आहे. पण ऑलिंपिक समितीच्या दप्तरी ते रौप्यपदक भारताच्या नावावर आहे. हाच प्रिचर्ड पुढे हॉलीवूडच्या मूकपटांत झळकला, हे जाता जाता.

कॉलेजांत मात्र ती टिकली. २५ मे १९३५ रोजी ॲन आर्बर इथे जेसी ओवेन्सने पाऊण तासात जे काही केलं, त्यातली शेवटची शर्यत हीच. वेळ २२.६ सेकंद, विश्वविक्रम. पाठ दुखावलेली असताना!

क्लीव्हलंडच्या ईस्ट टेक्निकल हायस्कूलचा हा विद्यार्थी. काही वर्षांनी त्याच शाळेतून हॅरिसन डिलर्ड आला. मित्रहो, एका शाळेचे दोन माजी विद्यार्थी, दोघेही या शर्यतीचे राजे! डिलर्डने १९४६ आणि १९४७ साली राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेत बुटके आणि उंच, दोन्ही अडथळे जिंकले. पण १९४८ च्या ऑलिंपिक निवड चाचणीत उंच अडथळ्यांना ठेचकाळला आणि आपल्या हुकमी शर्यतीतून बाहेर पडला. त्याच्या हाती उरली फक्त १०० मीटरची साधी धाव. लंडनला जाऊन त्याने ती जिंकली! अडथळ्यांचं सुवर्ण मिळायला १९५२ चं हेलसिंकी उजाडावं लागलं. त्याच हेलसिंकीत आपल्या खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळवलं.

मग शर्यत बंद का पडली? एक तर ऑलिंपिकमध्ये तिला जागा नव्हती, आणि प्रशिक्षकांना तिथे चालणारे ४०० मीटरचे अडथळे हवे होते. दुसरं कारण मैदानाचं. ती सरळ रेषेत धावायची. ४०० मीटरच्या गोल ट्रॅकची सरळ बाजू साधारण ८४ मीटर, म्हणजे या एका शर्यतीसाठी वेगळी लांब पट्टी आखावी लागे. तेवढी जागा कोण ठेवणार? १९५० चं दशक संपता संपता राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेतून ती निघाली.

आणि १९६० साली लुइझियानात डॉन स्टायरन तीच शर्यत २१.९ सेकंदांत धावला. आजवरची सर्वांत जलद वेळ आली, तीही शर्यत मोडीत निघत असताना!